काचेतलं चुंबक

माझ्या पीएचडीच्या पहिल्या मार्गदर्शकांना मी अजून तोंडाने 'सर' म्हणते. सोलापुरात माणसं पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून. मनातून तो शब्द केव्हाच गेला.

काचेच्या छोट्या तुकड्यांवर झिंक ऑक्साइडचा थर चढवायचा, हे माझं काम. थर इतका पातळ, की एका केसाच्या जाडीत तसे हजारभर मावावेत. त्यात किंचित कोबाल्ट मिसळलं तर थराला चुंबकत्व येतं का, ते बघायचं. एवढं बारीक मोजणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं; मी नमुने घेऊन पुण्याला जायचे. पहिल्याच खेपेला पडद्यावर चुंबकाचा तो फुगीर वक्र उमटला.

मी फोनवर कळवलं. परत येईपर्यंत सरांनी विभागात पेढे वाटले होते. पाठोपाठ वर्तमानपत्रात फोटो आला: सर, डोळे बारीक करून, काच उजेडात धरलेले. त्या काचेला त्यांनी फोटोपुरताच हात लावला होता, आणि तीही उलटी धरली होती.

मला मात्र तो वक्र खटकत होता. कोबाल्ट कमी केलं तरी तेवढाच, वाढवलं तरी तेवढाच. पुढच्या खेपेला मी थर नसलेली नुसती काच नेली, आमच्या नेहमीच्या स्टीलच्या चिमट्याने धरून यंत्रात ठेवली. तोच वक्र! मग नवी काच आणि नवा थर, दोन्ही प्लॅस्टिकच्या चिमट्याने हाताळले. वक्र गायब. चिमट्याचं लोखंड काचेच्या कडेला घासून लागत होतं. डोळ्याला दिसत नव्हतं, यंत्राला दिसत होतं.

सरांना सांगितलं, तर ते हसले.

"नुसती काच कोण मोजतं गं?"

"आपण आधीच मोजायला हवी होती, सर."

"लई शहाणी झालीस की! आपला पेपर जर्नलकडं छापायला गेलाय. आता चिमटा-बिमटा कुटं काढू नको."

महिन्याभरात विभागात चर्चासत्र झालं. सरांचं भाषण संपल्यावर बंगळूरहून आलेल्या एका प्राध्यापिकेने शांतपणे विचारलं, "नुसती काच मोजून बघितली का?"

"अर्थात! काहीच दिसलं नाही," सर म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "सांग की गं."

मी उभी राहिले. "मोजली मॅडम. काचेतही हेच दिसलं. ते चिमट्याचं लोखंड आहे."

सरांनी घाईघाईने चहा जाहीर केला.

मी त्या पेपरवरून माझं नाव काढायला लावलं, मार्गदर्शक बदलले, सगळं काम पहिल्यापासून केलं. माझा प्रबंध सांगतो, की त्या थरात चुंबकत्व नाही. त्याला कुणी पेढे वाटले नाहीत. सरांचा पेपर छापून आला आणि ते विभागप्रमुख झाले. याचं मला नवल वाटलं नाही. तिथे मोजमाप लागत नाही.

परवा नवी पेठेत सपत्नीक भेटले. बायकोला कौतुकाने म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. मीच घडवली हिला."

"नाही हो काकू," मी म्हटलं, "मी दुसऱ्या सरांकडे केलं."

काकू जरा गोंधळल्या. सर समोरच्या दुकानातल्या चादरी बघायला लागले.