जस्मीनबाईंचा क्लास

पौडच्या बाजारात जस्मीनबाईंचा मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास होता. जुनी मशीन रखडायची, म्हणून बाईंनी त्यांवर लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टीम टाकली आणि ती झरझर चालू लागली. पण पालक कुरकुरले, "कंपनीत चालतं त्येच शिकवा की!" बाई नमल्या. नवं, जड सॉफ्टवेअर टाकताच मशीन पुन्हा अडकू लागली. कंटाळून मुली गळाल्या आणि क्लास बंद पडला.

परवा कोळवणच्या एसटीत लिनक्सवर शिकलेली जुनी विद्यार्थिनी दिशा बाईंना भेटली. "बाई, हिंजवडीत माझ्या कंपनीत लिनक्सच हाय. तुमचं शिकवणं लई कामाला आलं."

"आणि बाकीच्या पोरी गं?"

"त्या फार्महाऊसवर झाडलोटीला जात्यात."

आपण तेव्हा हट्ट सोडायला नको होता, हे बाईंच्या मनातून जाईना.