चौथ्या सडाचं दूध

विनायक गेल्याचा निरोप आला तेव्हा मी म्हशीची धार काढत होतो. चरवी भरेपर्यंत उठलो नाही. महिना झाला, त्याचं कौतुक काही थांबत नाही... देवणी गाईचा शास्त्रज्ञ, मातीतला माणूस. असेल. आमचा देवणीचा गोठा त्याच्यामुळं रिकामा झाला हे कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

आम्ही दोघं सास्तूरचे, एका वर्गातले. शाळा सुटली की तो आधी आमच्या गोठ्यात यायचा. माझे वडील, अप्पा, गाईचे तीन सड पिळायचे आणि चौथा वासरासाठी भरलेला ठेवायचे. बाकी गाव सगळं पिळून मग वासरू सोडायचं. विनायकनं हे शंभरदा पाहिलेलं. पुढं तो साहेब झाला आणि देवणीच्या कुठल्या जनुकानं दूध वाढतं, कुठल्यानं वासरू लवकर भरतं, याचा नकाशा करायला गावात आला. गाईंचं रक्त घेतलं, वासरं काट्यावर चढवली, चरवीतलं दूध मोजायला बाहेरची माणसं ठेवली. स्वतः मात्र धारेच्या वेळी एकदाही फिरकला नाही. मग भर बैठकीत म्हणाला, "अप्पा, तुमचा वंश वाढीला सरस, पण दुधाला हलका."

अरे शहाण्या, वासरू भरलं ते कुणाच्या दुधावर? मी उठून ओरडलो, "चौथ्या सडाचं धरलंस का?" तो हसला. "मापात आलंच न्हाय, ते कुठं धरू?" अप्पांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "ती वासराची वाटणी हाय. दुसऱ्याचं आपलं म्हणून कसं मोजायचं?" मला त्यांचाही राग आला. त्यानंतर आमच्या वळूकडं कुणी गाय आणेना. एकेक करून सगळी देवणी जनावरं बाजारात गेली. शेवटची कालवड गेली त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत.

परवा जनाची लाज म्हणून येडशीला त्याच्या घरी गेलो. वहिनी मागं धार काढत होत्या. एकच गाय, देवणी. तीन सड पिळून त्या उठल्या आणि वासरू सोडलं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमचीच कालवड हाय ही, भाऊजी. व्यापाऱ्याला मधी घालून आणली ह्यांनी. चौथ्याला हात लावू देत नव्हते."

म्हणजे कळलं होतं! "मग अप्पांना का नाही सांगितलं?"

"यायला तोंड नव्हतं त्यांना."

बैठकीत बरं होतं तोंड. चहा न घेताच निघालो.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी एखादी शिवी हासडतील. त्यांनी विचारलं, "वासरू अंगानं भरलंय का?"

"भरलंय."

"बरं झालं," म्हणाले आणि कुशीवर वळले. मला ते जमत नाही. अप्पा अजून जिवंत आहेत, विनायका. तू यायचं होतंस.