बोगदा पक्का होता

मी बोलकी. एसटीत, रेशनच्या रांगेत, कुठंही मला दोन मिनिटं उभी करा, तिसऱ्या मिनिटाला शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण कुठं झालं ते मला ठाऊक असतं. लोकांना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला एका छोट्या संस्थेच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी टायपिंग करायची. शिक्षण सातवी. टाईपरायटर दुसऱ्यांची बोटं बघून शिकले, कॉम्प्युटर आला तेव्हा चुकत चुकत तोही शिकले. संस्थेचा दवाखाना होता नेवाशाला. तिथून रक्ताच्या बाटल्या एसटीनं आमच्याकडं यायच्या, आणि रिपोर्ट बंद पाकिटातून एसटीनंच परत जायचे. साखरेचे, काविळीचे रिपोर्ट असले तर कुणाला काय त्याचं! पण एचआयव्हीची तपासणी तेव्हा सुरू झाली होती. एकदा तसलं एक पाकीट वाटेत कुणीतरी फोडलं. ज्याचा रिपोर्ट होता त्याला गावानं हापशावर येऊ दिलं नाही. आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्या दुपारी डबा उघडलाच नाही. म्हणाल्या, "यापुढं कागद रस्त्यानं जाणार नाही."

म्हणून पुण्याहून एक इंजिनियर आला. नगरचा कॉम्प्युटर आणि नेवाशाचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून जोडायचे, पण मधल्या कुणाला काही दिसता कामा नये. त्याला तो व्हीपीएन म्हणायचा. मला समजेना, तेव्हा म्हणाला, "काकू, बोगदा समजा. रस्ता सगळ्यांचा, पण त्याच्या पोटातून आपला एकट्याचा बोगदा. दोन्ही तोंडांना कुलूप, आणि दोन्हीकडं एकच किल्ली."

"आणि उंदीर शिरला तर?"

"किल्ली तुम्ही कुणाला सांगितली नाही तर नाही शिरणार."

किल्ली म्हणजे एक शब्द. देवाचं नाव नको, मुलाबाळांचं नको, असं त्यानं बजावलं. मी आणि नेवाशाच्या नर्सबाईनं मिळून एक शब्द शोधला. खाण्याच्या पदार्थाचा होता, उलटा लिहिलेला, एवढंच सांगते. कागदावर लिहून मी तो स्वतः नेवाशाला नेला, नर्सबाईनं पाठ केला आणि कागद स्टोव्हवर जाळला. आम्ही दोघी इतक्या हसलो की चहा उतू गेला.

एक अडचण मात्र होती. बोगदा रोज नव्यानं उघडावा लागायचा. नेवाशाचा कॉम्प्युटर इंटरनेटला लागला की त्याला दर वेळी नवा पत्ता मिळायचा, चार आकड्यांचा. तो आम्हाला कळल्याशिवाय आमचा कॉम्प्युटर हाक कुणाला मारणार? आमच्याकडं फोन दोन होते, पण दवाखान्यात एकच, आणि तो तर कॉम्प्युटरला जोडलेला. मग नर्सबाई रस्ता ओलांडून समोरच्या एसटीडी बूथवर जायची आणि तिथून मला पत्ता सांगायची. मी इंजिनियरला विचारलं होतं, हे चालतं का? तो म्हणाला, "पत्ता कुणी ऐकला तरी बिघडत नाही. किल्ली तेवढी बोलू नका."

किल्ली मी कधीच बोलले नाही.

महिन्यातून एकदा सामान घेऊन मी नेवाशाला जायची. दवाखान्याच्या मागच्या आळीत एक बाई शिवणकाम करायची. तिशीची असेल. तिला सगळे मशीनवाली म्हणायचे. नवरा आदल्या वर्षी गेला होता, काविळीनं म्हणून सांगायचे. पदरात एक मुलगी, आणि राहायची सासऱ्याच्याच घरात, पुढच्या पडवीत मशीन मांडून. हात असा की माझ्यासारख्या बेढब बाईलाही ब्लाउज चापून बसायचा. मापं घेताना म्हणायची, "आक्का, श्वास सोडा की. पोट आत वढून किती दिस फिरनार?"

त्या खेपेला मी तिच्याकडं निळं कापड टाकलं. माप घेता घेता ती हळूच म्हणाली, "आक्का, हितल्या डाक्टरांनी माजं बी रगत घेतलंय. मालकावरून त्यांना शंका हाय." मग तिनं मला तिचा नंबर सांगितला. पाकिटाच्या त्या प्रकारानंतर रिपोर्टवर नाव नसायचं, नुसता नंबर असायचा. "आधी मला एकटीला कळू द्या. सासऱ्याला मी माज्या तोंडानं सांगन. त्यांना बाहेरनं कळलं तर पोरीसकट रस्त्यावर काढतील."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी यादी टाईप करताना तो नंबर आला. पुढचा शब्द मी टाईप केला आणि खुर्चीतून उठले. पाणी प्यायले. परत येऊन पाहिलं, नंबर तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईचा फोन आला. "आक्का, घ्या पत्ता." मी आकडे लिहून घेतले. तिथं फोन ठेवला असता तर? पण मला वाटलं, रिपोर्ट तिकडं छापून निघेल, ती बिचारी येईल, कुणीतरी तिच्या हातात कागद देईल आणि ती एकटी बसेल. म्हणाले, "अगं, ती मशीनवाली आज येईल. तिला आधी चहा पाज. डॉक्टर आल्याशिवाय एकटी सोडू नकोस."

लाईन खरखरत होती. तिकडून नर्सबाई ओरडली, "कोन? मोठ्यानं बोला!"

"मशीनवाली गं!"

"मशीनवाली? आगं बया! तिला बी त्योच रोग निगाला व्हय?"

एसटीडी बूथचं दार उघडंच असायचं, उकाड्यानं. बाहेर रांगेत चार-पाच माणसं उभी होती. त्यांतली एक बाई मशीनवालीच्याच आळीतली. नर्सबाईला ते फोन ठेवल्यावर दिसलं. तिनं मला परत फोन केला आणि रांगेत कोण कोण होतं ते सांगितलं.

इकडं आमचा बोगदा उघडला होता. रिपोर्ट व्यवस्थित पोचले.

मशीनवाली अकरा वाजता दवाखान्यात आली, न्हाऊन, स्वच्छ लुगडं नेसून. तिथल्या डॉक्टरांनी तिला आत घेतलं. ती घरी परतली तोवर तिच्या पडवीतून बायका आपापली कापडं घेऊन गेल्या होत्या. बेतलेली, अर्धी शिवलेली, सगळी. सासऱ्यानं मशीन अंगणात काढून ठेवलं होतं.

इंजिनियरला बोलावणं गेलं. त्यानं दोन्हीकडचे कॉम्प्युटर तपासले, तासन् तास. म्हणाला, "बोगदा पक्का आहे. एक अक्षर बाहेर गेलेलं नाही." पण गावात बोलणं एकच होतं, की नगरच्या मशीनमधून नाव फुटलं. नर्सबाई फोनवर आकडे तेवढे सांगायची, मी लिहून घ्यायची. त्या दिवशीच्या फोनचं नाव दोघींनीही कुणाकडं काढलं नाही. संस्थेनं शेवटी ती लाईन बंद केली आणि पाकिटं परत एसटीनं जाऊ लागली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "किती हौसेनं केलं होतं आपण." मी मान हलवली.

पुढच्या खेपेला मी मशीनवालीकडं गेले. ती माहेरी निघाली होती, जामखेडकडं. मशीनचं डोकं गोणपाटात बांधलेलं, पाय गावातच ठेवायचे होते. मुलगी उंबऱ्यात बसून दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची माळ करत होती. मला बघून मशीनवाली आत गेली आणि माझा ब्लाउज घेऊन आली. निळा. हुका लावून, इस्त्री करून.

"तुमचं एकटीचं कापड ऱ्हायलं हुतं," म्हणाली. "न्यायला कुनी आलं न्हाई, मंग शिवून टाकला. घालाल ना?"

"घालीन की गं."

मग तिनं विचारलं, "आक्का, तुमी तर तिथं कामाला. समदी म्हनत्यात, कांपुटरातनं फुटलं. खरं हाय का?"

एवढी बोलणारी मी. माझ्याकडं तोंड होतं, शब्द होते, आणि ती वाट बघत होती. रस्त्यावर टेम्पोनं हॉर्न दिला.

"हो," मी म्हणाले. "कॉम्प्युटरच तसला निघाला."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "मानूस असं करनार न्हाई."

टेम्पोत तिनं मुलीला मशीनच्या गोणपाटावर बसवलं. पुढं दोन वर्षांतच ती गेल्याचं नर्सबाईकडून कळलं. मुलगी मामाकडं वाढली, एवढंच ऐकलं.

ब्लाउज मी दुसऱ्या दिवशी कामावर घालून गेले. चापून बसला होता, कुठं एक चुणी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी शिवला? मी सांगितलं नाही.