उंच गल्लीतली विहीर

माझ्या सासूबाईंच्या पर्समध्ये साबणाचा एक तुकडा आणि एक रिकामी बाटली कायम असायची. कुठल्याही विहिरीपाशी गेल्या की बाटलीत पाणी भरायच्या, साबण खरवडून टाकायच्या आणि खळाखळा हलवायच्या. फेस टिकला तर पाणी गोड. गुठळ्या झाल्या तर बाटली रिकामी करून चालू पडायच्या. पाहुणी म्हणून गेल्या तरी हे चुकायचं नाही, आणि निकाल यजमानांसमोरच खणखणीत आवाजात सांगायच्या. मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

सासरे गेल्यावर त्यांनी धुलाईचं दुकान एकटीनं उभं केलं होतं. किनाऱ्याजवळची जागा, मागे विहीर, कामाला तीन बायका आणि इस्पितळाच्या चादरींचं काम. त्या चादरींवर आमची चूल पेटायची. पण समुद्र वर्षागणिक वर सरकत होता, किनाऱ्याची कड खचत होती, आणि एका उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ झाली. साबण दुधासारखा फाटायला लागला, चादरी करड्या निघू लागल्या. इस्पितळानं सांगून टाकलं, पावसाळ्यापर्यंत सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. माझ्या नवऱ्यानं शहरात नोकरी बघितली, भाड्याची खोलीही ठरवली. मला जायचं नव्हतं. सासूबाई आमच्याबरोबर येणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्यांच्याशी रोज भांडल्याशिवाय मला अन्न गोड लागलं नसतं.

सासूबाई काही डगमगल्या नाहीत. "समुद्र जितका लांब, तितकं पाणी गोड. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल," म्हणाल्या, आणि गावामागच्या सखल कुरणात ऐसपैस जागा घेऊन मोकळ्या झाल्या.

विहीर खणणारा जरा चाचरला. "बाई, आधी एक छोटा खड्डा मारून पाणी बघायचं का?"

"मी काय आज पाणी बघतेय? खण तू!"

त्यानं खणलं. काळा, चिकट चिखल वर यायला लागला, आणि चिखलात कालवांचे शिंपले, चांगले तळहाताएवढे. पाणी लागलं, पण सासूबाईंनी बाटली हलवली तर आत नुसतं दही. मला रडू फुटलं.

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. इथलं पाणी आधीच खारट आहे."

मग त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. मामा जन्मभर शाळेत भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी शिंपला हातात घेतला आणि हसलेच.

"ताई, हा समुद्राचाच तळ आहे. हजारो वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा उंच होता. लाटांनी वाळू आणून लांबलचक बांध घातला. बांधामागे पाणी अडलं, त्यात गाळ बसला, कालवं वाढली. पुढे समुद्र उतरला. गाळाचं कुरण झालं, पण मीठ खाली तसंच राहिलं."

"आणि बांध कुठे गेला?"

"त्याच्यावर आपली उंच गल्ली आहे. म्हणून तर ती किनाऱ्याबरोबर वळत जाते. तिथल्या वाळूत पाऊस मुरतो आणि ते गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून राहतं."

"मग खणायच्या आधी मिठाची गुळणी धरून बसला होतास का?"

"तू विचारलंस कुठे? तू तर सगळ्यांना सांगत सुटली होतीस!"

सासूबाईंना असं तोंडावर सुनावणारं कुणीतरी निघालं. मी हा दिवस बघितला, माझे डोळे निवले.

उंच गल्ली कुरणापेक्षा समुद्राला कितीतरी जवळ. खाऱ्या पाण्याला भिऊन पुन्हा समुद्राकडेच निघालेली बाई म्हणून गावानं त्यांना खुळ्यात काढलं. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गल्लीत एक टायरवाला दाटीवाटीनं बसला होता, त्याच्या दारात ट्रक वळत नसत. त्याच्यापुढे त्यांनी कुरणातली जागा ठेवली आणि अदलाबदल करून घेतली. टायरला फेसाशी काय देणंघेणं!

या वेळी आधी छोटा खड्डा मारला. पिवळी वाळू निघाली, मग गोल गुळगुळीत गोटे, आणि त्याखाली पाणी. सासूबाईंनी बाटली हलवून माझ्या हातात दिली. फेस गळ्यापर्यंत चढला होता आणि खाली बसायचं नाव घेत नव्हता. मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांनी मला बाजूला करून विहीर खणणाऱ्याला जास्त खोल जाऊ नको म्हणून बजावलं, कारण खालचं पाणी समुद्राचं होतं. पाऊस सुरू व्हायच्या आत इस्पितळाच्या चादरी पांढऱ्याशुभ्र होऊन परत गेल्या.

मामांना मात्र खरं बोलल्याशिवाय राहवत नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणाले, "ताई, समुद्र असाच चढत राहिला तर हीसुद्धा एक दिवस मचूळ होणार. तुझ्या हयातीत नाही. पण सुनेच्या कदाचित."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कुरणापलीकडच्या चढाकडे.

"हा बांध झाला त्याच्याही आधी समुद्र कधी याहून उंच होता का रे?"

"होता की. त्याचा बांध त्या चढावरच्या झुडपांखाली आहे."

"झालं तर मग," त्या मला म्हणाल्या. "उद्या सकाळी लवकर आवर. तुझी विहीर बघून येऊ."

शहरातल्या खोलीला मी त्याच संध्याकाळी नकार कळवला.