साखळी की बाद?

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला, मानसीला, तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसांपुढे या विषयावर माझी जीभ सात वर्षं टाळ्याला चिकटलेली आहे.

आमचा खेळ रिंग टेनिस. हसलात ना? सगळेच हसतात. रबरी रिंग जाळीवरून फेकायची, समोरचीने ती एका हाताने झेलायची आणि लगेच परत फेकायची. लोकांना वाटतं, सहलीला गेल्यावर पोरं खेळतात तेच हे. पण याचीही राष्ट्रीय स्पर्धा होते. वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा येत नाहीत, मुली शाळेच्या वर्गात गाद्या टाकून झोपतात, आणि आम्ही आयोजक ऑफिसात रजा टाकून राबतो. मीही राबले, पंचवीस वर्षं. गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने कोर्ट आखलं आणि त्यावरून सेक्रेटरीशी कडाकडा भांडलेही.

भांडकुदळच आहे मी. आणि माझं सगळ्यात मोठं भांडण होतं स्पर्धेच्या पद्धतीवरून.

हे जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाद पद्धतीत एक सामना हरलं की खेळ संपला. साखळी पद्धतीत चार-चार जणींचे गट करतात, प्रत्येकीला निदान तीन सामने मिळतात, आणि गटातल्या पहिल्या दोघी पुढे जातात. बाद पद्धत झटपट उरकते. साखळीला दिवस लागतात, मैदान लागतं. म्हणून वर्षानुवर्षं आमची राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीनेच उरकली जायची. आसामची मुलगी दोन-तीन दिवस गाडीत बसून येणार, वीस मिनिटांत हरणार आणि परत जाणार. ही काय स्पर्धा झाली? मी प्रत्येक सभेत हे विचारलं, पत्रांवर पत्रं लिहिली, लोक माझ्या पाठीमागे मला ‘साखळीवाल्या बाई’ म्हणायला लागले. शेवटी साखळी आली. माझ्यामुळे आली असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आता प्रज्ञाबद्दल सांगते. तिचं कुटुंब नांदेडकडचं, राहायला आमच्या जवळच हाटकेशला, वडील तिथल्याच एका छोट्या कारखान्यात. बारा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे शिकली. तिची एक गंमत होती — पहिल्या सामन्यात तिचा हात उघडायचाच नाही. सोप्या रिंगा सुटायच्या, फेक जाळीत जायची, ही हरायची. दुसऱ्या सामन्यापासून मात्र ती कोणाला ऐकायची नाही. मानसीचं नेमकं उलट. सुरुवात झकास, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसणार. एकदा प्रज्ञाचा हात तापला की माझी मुलगी तिच्यासमोर टिकत नसे. मी दोघींनाही शिकवलं. मला हे माहीत नसेल तर कोणाला?

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा आमच्याकडे, भायंदरला होती. पहिल्या तिघींना जे प्रमाणपत्र मिळणार होतं, त्यावर सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येत होता. पुढच्या वर्षी आमचा खेळ त्या नोकऱ्यांसाठीच्या खेळांच्या यादीत राहील याची खात्री नव्हती — आणि तो राहिलाही नाही. दोघी पंचवीस वर्षांच्या. दोघींनाही त्या कागदाची गरज होती. प्रज्ञाला जास्त होती. हेही मला माहीत होतं.

मैदान तिथल्याच गोडदेवच्या एका जुन्या मंडळाचं. आम्ही चार दिवसांसाठी मागितलं होतं, पण तिसऱ्या दिवशी तिथे एका लग्नाचा मांडव पडणार असं कळलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवसांत साखळी बसतच नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या राज्यांच्या व्यवस्थापकांची सभा होती. त्यात पद्धत ठरणार होती.

दुपारी चार वाजता मैदान सांभाळणाऱ्या दामूकाकांचा मला फोन आला. “मॅडम, लगीन हॉलमदी गेलं. चारी दिवस मैदान तुमचंच हाय.”

मी “बरं झालं काका” म्हटलं. फोन ठेवला. आणि — कसं सांगू? — मला आनंद झाला नाही. मी पोहे करत होते. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

सहा वाजता सभेत मी उठले आणि म्हणाले, मैदान दोनच दिवस आहे, मी पुष्कळ प्रयत्न केले, नाइलाज आहे, यंदा बाद पद्धत घ्यावी लागेल. आवाज कापत होता. लोकांना वाटलं, साखळीवाल्या बाईंना वाईट वाटतंय. एकानेही उलट विचारलं नाही. दुसरं कोणी हे म्हटलं असतं तर चार जण गोडदेवला जाऊन आले असते. मी म्हटलं, म्हणून कोणी गेलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं ते असं.

प्रज्ञा पहिल्याच सामन्यात तामिळनाडूच्या मुलीकडून हरली. सरळ दोन सेट. मानसी तिसरी आली.

कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या मी टाकल्या नव्हत्या, पंच मी नव्हते. पुष्कळ दिवस मी स्वतःला हेच ऐकवत होते. पण मला हेच तर हवं होतं ना?

सामन्यानंतर प्रज्ञा माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, आणि धीर मलाच देत होती. “मॅडम, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. मैदानच नाय मिळालं, तुमच्या हातात काय होतं?”

मी म्हटलं, “काहीच नव्हतं गं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी जाळ्या सोडवायला मैदानावर गेले. दामूकाकांनी पांढऱ्या फक्कीने चारही कोर्टं नव्याने आखून ठेवली होती. “आज कोनी आलं न्हाय?” मी म्हटलं, स्पर्धा संपली. ते म्हणाले, “एवढ्यात?” आणि उरलेली फक्की परत गोणीत भरू लागले.

तिथून मुलींच्या मुक्कामाच्या शाळेत गेले. सगळ्यांची परतीची तिकिटं चौथ्या दिवसाची होती. मुली वर्गात बसून होत्या, खिडक्यांच्या गजांवर कपडे वाळत होते. आसामची एक मुलगी माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. “मॅडम, एक फ्रेंडली ही करवा दो ना. इतनी दूर से आए हैं.”

“ग्राउंड नहीं है, बेटा,” मी म्हटलं. पहिलं खोटं मुलीसाठी होतं म्हणावं, तर हे कोणासाठी होतं? फक्त माझ्यासाठी. मी पकडली जाऊ नये म्हणून.

मानसी आज सरकारी कचेरीत आहे. नोकरी मनापासून करते, तिला यातलं काहीही ठाऊक नाही. प्रज्ञा काशीमीऱ्याला एका गोदामात पार्सलांच्या नोंदी करते आणि रविवारी सकाळी वस्तीतल्या मुलींना रिंग टेनिस शिकवते. पहिल्या सामन्याआधी त्यांच्याकडून अर्धा तास हात मोकळा करून घेते म्हणे. स्वतःचा दोष होता, असं तिला आजही वाटतं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. राष्ट्रीय स्पर्धा कोणत्या पद्धतीने घ्यायची हे ठरवायला नवी समिती नेमतायत, खेळाडूंच्या बाजूने एक नाव मागवलंय. “मॅडम, आम्ही सगळ्यांनी तुमचंच नाव दिलंय. तुम्ही असलात की आम्हाला बघायलाच लागत नाय.”

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं, तर तिला कारण सांगावं लागलं असतं.