बाल्कनीतली दोन भोकं

बोटीच्या मागच्या टोकाला, आतल्या जमिनीलगत, दोन भोकं होती. अंगठा जाईल एवढी. ती मी बुजवली. आयुष्यात माझ्या हातून झालेलं सगळ्यात सफाईदार काम ते, आणि त्याच कामाने बोट खाली बसली. त्यावरून माझ्या मेव्हण्याने बोलणी खाल्ली आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. पण ते पुढे. आधी बोट.

बोरिवलीत वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या माणसाकडे बोट कशी, असं लोक विचारतात. मीही विचारतो. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एसी दुरुस्त करतो. मढच्या एका बंगल्यावर तो कामाला गेला, तर मागे माडांखाली ही पडलेली. जुनी फायबरची बोट, पुढे छोटी केबिन, मागे उघडी जागा. केबिनमध्ये कोंबड्या राहत होत्या. बंगल्यावाला म्हणाला, घेऊन जा, माझी जागा मोकळी करा. मेव्हण्याने मला फोन केला, "भावोजी, बोट पाहिजे का?" येताना कोथिंबीर आणू का, असं विचारावं तसं.

मी नाही म्हणणार होतो. पण फोन स्पीकरवर होता आणि समोर खाटेवर बाबा बसले होते.

"घे," बाबा म्हणाले.

बाबा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. लहानपणी आईबरोबर कोकणातून बोटीने मुंबईत आले, गिरणीत लागले, गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी केली. आमच्याकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही. एकच हौस बोलून दाखवायचे: एकदा समुद्रातून किनारा बघायचा. गावाला जायचं नाही, तिथे आता आमचं कोणी उरलेलं नाही. नुसतं खाडीच्या तोंडाबाहेर जायचं आणि वळून बघायचं. एकदा मी त्यांना मोठ्या फेरीबोटीत बसवून आणलं, तर उतरल्यावर म्हणाले, "ही बस आसा."

तर बोट आली. टेम्पोत घालून गोराई खाडीच्या काठावर आणली आणि ओळखीच्या एका कोळ्याच्या जागेत पिंपांवर टेकवून ठेवली. तिथून माझे रविवार संपले.

जुन्या बोटीचं काम म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. स्क्रू काढायला जावं तर स्क्रू निघत नाही, त्याच्याभोवतीचं लाकूड निघतं. लाकूड काढलं की खाली ओलं प्लाय, प्लाय काढलं की खाली कुणीतरी पूर्वी केलेली दुरुस्ती, आणि ती आपल्यापेक्षाही वाईट. भर मे महिन्यात आम्ही फायबर जोडायचं रेझिन कालवायला घेतलं. मगमध्ये हार्डनर टाकून ढवळतोय तोच मग तापला, धूर आला, आणि ब्रश आतल्या आत दगड झाला.

"हार्डनर कमी टाका म्हटलं होतं ना!"

"तू बोटांनी दाखवलंस तेवढंच टाकलं."

"मी 'थांबा' म्हणून बोटं दाखवली, भावोजी!"

तो मग अजून घरी आहे. बायको त्याने लसूण ठेचते.

मुख्य गोंधळ वेगळाच होता. आम्ही दोघांनी जन्मात जी काही डागडुजी केली होती ती घराची. तेव्हा बोटीचंही आम्ही घर करायला लागलो. केबिनला सनमायका लावला. वर फॉल्स सीलिंग केलं, त्यात दिवे. चहा करायला जागा हवी म्हणून डाव्या बाजूला कडप्प्याचा ओटा बसवला. बोटीत कडप्पा! दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. देवासाठी कोपऱ्यात फळी मारली. मागच्या उघड्या जागेला आम्ही 'बाल्कनी' म्हणत होतो. एकदा बाबांना दाखवायला नेलं तर ते बाहेरूनच काठी टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुका बोट व्हयी काय खोली?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला आत आरामात बसता येईल."

"आत कोण बसतलो? माका पाणी बघूचा आसा."

हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. ऐकलं होतं.

मग उंदीर आला. एका रविवारी केबिनमध्ये लेंड्या, आणि एक लाइफ जॅकेट कुरतडलेलं. मी शोधत गेलो तर बाल्कनीच्या तळाशी ती दोन भोकं. आता, मी परळच्या चाळीत तळमजल्यावर वाढलो. तळमजल्यावरच्या माणसाला भोक दिसलं की तो विचार करत नाही, बुजवतो. आमच्याकडे हे काम बाबा करायचे. बाटली फोडून काचेचा चुरा करायचा, सिमेंटमध्ये कालवायचा आणि ठासून भरायचा, म्हणजे उंदीर पुन्हा तोंड घालत नाही. मी तसंच केलं, पांढऱ्या सिमेंटमध्ये. वरून घासलं, रंग दिला. इथे कधी भोक होतं हे कुणाला कळलं नसतं. बाल्कनीत पाणी आलं तर ते बाहेर जायला वाट नको का, हा प्रश्न मला पडलाच नाही. घराच्या बाल्कनीलासुद्धा पाणी जायला जाळी असते, हेही आठवलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवली. कागदपत्रं मेव्हण्याने केली, मागे लावायचं सेकंडहँड इंजिनही त्यानेच आणलं, आणि आत पाणी साचलं की आपोआप उपसणारा पंपही त्याच बॅटरीवर जोडला. बोट तरंगली, पण ओट्यामुळे डावीकडे कलली. आम्ही उजवीकडे रेतीची गोणी ठेवली. आणि इंजिन, ज्याच्यावर माझा सगळा भरवसा होता, ते बटण दाबताच सुरू झालं.

मेव्हणा नाचायला लागला. "झकास! भावोजी, रविवारी बाबांना घेऊन निघायचं!"

इथून पुढचं मी बरीच वर्षं कुणाशी बोललो नाही. मला पाण्याची भीती वाटते. पोहता येत नाही हे कारण नाही, पोहता न येणारे लोक रोज खाडी ओलांडतात. पायाखाली जमीन नाही असं कळलं की माझे हात चालेनासे होतात. बोट जमिनीवर होती तोवर ठीक होतं. मला वाटत होतं ती कधी पाण्यात जाणारच नाही. दुरुस्त करत राहू, बाबांना वाटेल मुलगा काहीतरी करतोय, आणि तेवढ्यात... तेवढ्यात काय, हे मी स्वतःलाही पूर्ण सांगितलं नव्हतं. आता सांगतो. तेवढ्यात बाबांचं वय होईल.

त्या रविवारी मी सकाळीच जेट्टीवर गेलो आणि बाकाखालची बॅटरीची वायर सैल केली. बाबा रिक्षातून आले, डोक्यावर टोपी, खिशात रुमाल. जेट्टीच्या पायऱ्या ते काठी धरून स्वतः उतरले. बाल्कनीत उलट्या बादलीवर बसले. मेव्हणा घामाघूम होऊन बटण दाबत राहिला. मी म्हटलं, "बॅटरी गेली वाटतं." बाबा उठले, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या आयतवारी."

पुढच्या रविवारी सीलिंग गळत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी नवी बॅटरीही 'गेली'. मग मला सनमायका उचकटलेला दिसला, मग खिडकीचं रबर. पावसाळ्यात बोट ताडपत्रीखाली. दुसरं वर्षही तसंच गेलं. बायको वैतागली. "अहो, बोट आहे की सोसायटीचं रिडेव्हलपमेंट? मामंजी रोज टोपी घालून बसतात!" ते बसत होते, खरंच. मग ते बाथरूममध्ये पडले आणि वॉकर आला. आता तरी विषय संपेल असं मला वाटलं. मी त्यांना विचारलं, "बाबा, राहू दे का आता?"

"कित्या? पाय बोटीक लागतत काय?"

दिवाळीनंतर एका रविवारी मेव्हण्याने निकराने सांगितलं, पुढच्या रविवारी काहीही झालं तरी जायचं. आम्ही ताडपत्री काढून ठेवली. मी निघता निघता वायरीला हात लावून आलो, सवयीने. आणि दोन दिवसांनी, पावसाळा कधीच सरलेला असताना, दिवसभर धो धो पाऊस पडला.

सकाळी कोळ्याचा फोन आला. "बोट बसली तुमची."

मी, बायको आणि मेव्हणा गेलो. ओहोटी होती. बोट मागच्या अंगाने चिखलात टेकलेली, बाल्कनी काठोकाठ भरलेली, आणि तिथलं पाणी उंबरा ओलांडून केबिनमध्ये. सीलिंग लोंबत होतं. सनमायका पापडासारखा फुगला होता. फळीवरचा देव तरंगत दारापर्यंत आला होता. कडप्पा तेवढा जागच्या जागी.

"तुझा पंप!" बायको भावावर उखडली. "पाणी आलं की आपोआप उपसणार होता ना तुझा पंप? कशाला हात लावतोस मग सगळ्याला?"

"ताई, मी स्वतः चेक केला होता गं!"

"एसी पण असेच करतोस का लोकांचे?"

मेव्हणा चिखलात उतरला. बोटीच्या मागे वाकला, हाताने चाचपडला, मग खिशातून टेस्टर काढून टोकरायला लागला. रंगाचा पोपडा निघाला. खाली पांढरं सिमेंट.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "उंदीर येत होते."

"उंदीर!" तो माझ्याकडे बघत राहिला. "भावोजी, साचलेलं पाणी बाहेर जायची भोकं आहेत ही, खाडीच्या पाण्याच्या वर असतात! पाऊस आला, लाट आली, की इथून जातं. आणि ह्यात काच पण घातलीय? माझं बोट कापलं, यार!"

बायकोने कपाळाला हात लावला. तिला हसू येत होतं हे मला दिसलं. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं, सगळे हसून मोकळे झाले असते. पण मेव्हणा स्वतःशीच पुटपुटला, "ते जाऊ दे. पण पंप का नाही चालला? पंप चालायला हवा होता." त्याचा चेहरा अगदी पडला होता. आपलं काम चुकलं असं त्याला वाटत होतं.

"वायर मी सैल केली होती."

"कधी?"

"रविवारी. आणि आधीही. दर वेळी."

मग त्याने विचारलं, "का?"

"मला भीती वाटते. पाण्याची."

"मग सांगायचं ना!" तो ओरडला. "मी दोन बॅटऱ्या बदलल्या! लोकांची कामं सोडून आलो! ते म्हातारं माणूस टोपी घालून बसतंय तिकडे, आणि तुम्ही..." पुढचं वाक्य त्याने गिळलं, ताई समोर होती म्हणून. ताईने मात्र काही गिळलं नाही. घरी येईपर्यंत रिक्षात मी जे ऐकलं ते सगळं खरं होतं.

मेव्हणा काही दिवस माझ्याशी बोलला नाही. पण आला. पाणी उपसलं, सीलिंग फाडून टाकलं, सनमायका सोलला, भिजून फुटलेली रेतीची गोणी फेकून दिली. भोकं त्याने मलाच मोकळी करायला लावली, छिन्नी हातात देऊन. काच इतकी घट्ट बसली होती की सगळी सकाळ गेली. कडप्पा मात्र हलला नाही, तो आम्ही फारच चांगला बसवला होता.

बाबांना मी म्हटलं, "आत काही उरलं नाही. नुसती बोट आहे."

"बरा झाला. आता तरी चल."

आम्ही गेलो. जेट्टीच्या पायऱ्या बाबांना उतरता येत नव्हत्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि मेव्हण्याने त्यांना खाली नेलं. खुर्ची डुगडुगत होती आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या कडा धरल्या होत्या. "माका चलत जावचा होता," एवढंच म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. ते मी विसरू शकत नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

खाडीचं तोंड जवळ आलं तशी बोट वरखाली व्हायला लागली. मी कडप्प्याच्या ओट्याला घट्ट धरून केबिनच्या दारात बसलो होतो. माझे हात चालत नव्हते, ते मेव्हण्याला ठाऊक होतं, त्याने मला काही काम सांगितलं नाही. बाहेर पडल्यावर त्याने इंजिन हळू केलं आणि बोट वळवली. बाबांनी मान वळवली. किनाऱ्यावर तिवरं, त्यामागे इमारती, त्यामागे नॅशनल पार्कचे डोंगर. त्यांनी किती वेळ बघितलं कोण जाणे. मग ते वाकले आणि ओकले.

मी कसाबसा सरकत त्यांच्यापर्यंत गेलो, पाठ धरली. "बाबा, परत फिरायचं?"

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. चेहरा फिका होता, पण डोळे मिश्कील. "मुंबैक येतानापण असोच ओकलंय. आवशीच्या लुगड्यार."

मला वाटलं, आता बोलायचं. "बाबा, बॅटरी कधी गेलीच नव्हती. वायर मी काढत होतो. तुम्ही चालत होता तेव्हाच आपण येऊ शकलो असतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं की नाही, मला वाटलं पुन्हा सांगावं लागणार.

"ता मगे सांग," बाबा म्हणाले. "आधी पाणी दी."

मी बाटली दिली. ते चूळ भरून थुंकले, दोन घोट प्यायले. तेवढ्यात एक लाट बाजूने आत आली, आम्हा दोघांचे पाय भिजले, आणि सगळं पाणी त्यांच्या ओकारीसकट मागच्या भोकांतून निघून गेलं.

"बोट डावीकडे कलता कित्या?" बाबांनी विचारलं.

"ओटा आहे, बाबा."

"ओटो?" त्यांनी मागे वळून केबिनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांतलं हसू गेलं. "ह्या कोणाक सुचला?"

"मला."

"गाढव आसस," बाबा म्हणाले, आणि पुन्हा किनाऱ्याकडे बघायला लागले.