उंद्रीच्या वाचनालयातलं रेखाचं टेबल

वाचनालयात धूळ आणि किस्से दोन्ही साचतात. धूळ मी रोज सकाळी झटकतो. किस्से तसेच राहून गेले.

मी सातवी पास. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या उंद्रीच्या वाचनालयाची किल्ली तीस वर्षांपासून माझ्याकडे आहे. शाळा कमी झाली, पण इथलं प्रत्येक पुस्तक माझ्या हाताखालून गेलं आहे. माझी मुलगी रेखा वेबसाइट बनवते. कंपनी पुण्याची. जावई चिखलीच्या शाळेत मास्तर, त्यांचा संसार उंद्रीतच. घरी नेटवर्क टिकत नाही आणि वाचनालयात तारेचं इंटरनेट आहे, म्हणून ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून काम करते. वर्गणी भरून बसते. मुलगी म्हणून सूट नाही!

यंदा कंपनीनं तिला पुण्याला परत बोलावलं. टेबल रिकामं व्हायची वेळ आली, तेव्हा हे सगळं आठवलं.

*

रेखा दिवसभर कानावर मोठे हेडफोन लावून बसायची. मला वाटायचं, पगार घेते आणि गाणी ऐकते. आमचे शेषराव भजनात हार्मोनियम वाजवतात. त्यांना जास्त राग.

"आमच्या भजनाले येत नाही, अन् इथं दिवसभर गाणे!"

एकदा ती पाणी प्यायला उठली. शेषरावांनी हेडफोन उचलून आपल्या कानाला लावला. हलवून पाहिला. पुन्हा लावला.

"काऊन वं पोरी, याच्यात तं काहीच वाजून नाही राह्यलं!"

"काहीच लावत नाही, काका. हे कानावर असले की कोणी मोबाईल दुरुस्तीले आणत नाही."

शेषरावांनी हातातला मोबाईल हळूच खिशात ठेवला!

*

वाचनालयात बोलायचं नाही. पाटी मीच रंगवली आहे. फोन आला तर ओट्यावर जायचं. हा नियम रेखालाही.

एका दुपारी ऊन फार होतं आणि तिच्या हेडफोनचं चार्जिंग संपलेलं. तिनं मीटिंग आतच घेतली. स्क्रीनवर बारा जण आणि बाराही जण एकदम बोलत होते. वाचणारे माझ्याकडे पाहू लागले. मी टेबलापाशी गेलो आणि स्क्रीनकडे पाहून म्हणालो,

"इथं लोक वाचून राह्यले. ज्याले बोलायचं, त्यानं बाहेर जावं."

सगळे एकदम गप्प. मग पुण्यातला एक जण खरोखर उठून बाहेर गेला!

*

तिनं वाचनालयाची वेबसाइट बनवली. फुकट बनवली, हे लिहिलं पाहिजे. पुस्तक शोधायला लेखकाचं नाव टाकायचं, नाही तर पुस्तकाचं. मी म्हणालो, "असं इथं कोणी मागत नाही."

"मंग कसं मागतात?"

तेवढ्यात शेषराव आले. "आप्पा, ते निळं द्या. जाड. चहा सांडलेलं."

मी तिसऱ्या कपाटातून काढून दिलं. दोन दिवसांत तिनं रंग, जाडी आणि डाग असे तीन रकाने वाढवले. डाग मी एकेक पुस्तक उघडून सांगितले. चहा, तेल, शाई, हळद.

पहिल्या महिन्यात लेखकाच्या नावानं एकानंही शोधलं नाही. हळद सगळ्यात जास्त चालली. आणि हळदीची पुस्तकं स्वयंपाकाची नव्हती, कादंबऱ्या होत्या!

*

एका वेबसाइटवर बटण एकदा दाबलं की ऑर्डर दोनदा जायची. चूक कुठे, ते तीन दिवस सापडेना. रेखा जेवेना. मी एका पुस्तकाची बांधणी करत होतो.

म्हणालो, "मले सांग."

"आप्पा, तुमाले काय समजन?"

"नाही समजलं तं नाही समजलं. तू सांग."

तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बटण कुठे, दाबलं की काय होतं, पुढे कुठे जातं. मी खळ लावत होतो. अर्ध्यात ती थांबली. "एक मिनिट," म्हणाली आणि टेबलाकडे पळाली. चूक सापडली.

ऑफिसात विचारलं, कशी सापडली? तिनं सांगितलं, "वडिलांशी बोलले."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून तिच्या ऑफिसातल्या एकाचा मला फोन आला. त्याचंही काम अडलं होतं! मी खळीचं भांडं घेऊन ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "हं. सांग."

*

मग ते पत्र आलं. जिथं कंपनीचं ऑफिस असेल तिथंच बसून काम करायचं, असा नवा नियम. म्हणजे पुणं, नाही तर नोकरी सोडणं.

रेखा त्या दिवशी घरातली सात पुस्तकं घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मुदत हाये अजून," मी म्हणालो.

"जाणं झालं तं राहून जातील, आप्पा."

"मुदतीआधी मी घेत नाही. घरी ने."

ती सातही पुस्तकं परत घेऊन गेली. असा नियम वाचनालयात नाही.

*

शेवटी तिचे साहेब स्वतः आले. बुलढाण्याला काही काम होतं, वाटेत उतरले. पन्नाशीचे, साधे. जोडे न सांगता बाहेर काढले. रेखा ओट्यावर मीटिंगमध्ये होती. तोवर त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि उभ्यानंच वाचायला लागले. मग बसले. चहा गार झाला. रेखा येऊन उभी राहिली तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"रेखा, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही. पण नियम वरून आलाय. ऑफिस नसलेल्या गावात मी तुला कसं ठेवू?"

"हो सर," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नियम मोडत नाही, दुसऱ्याला मोडा कसं म्हणू?

साहेब जायला निघाले. पुस्तक हातातच.

"आप्पा, निम्मं झालंय. हे नेऊ का? पोस्टानं परत पाठवतो."

"बाहेरगावच्या माणसाले भेटत नाही."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास हाये. नियम नाही."

"काहीच सोय नाही?"

"गावात घर, शेत, दुकान, ऑफिस, काही तरी पाहिजे. फॉर्म हाये. खोटं लिहिलेलं मी घेत नाही."

त्यांनी फॉर्म घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. 'गावात काय आहे' या रकान्यापाशी थांबले. रेखाच्या टेबलाकडे पाहिलं. मग बाहेर ओट्यावर गेले आणि फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलले. दारातून त्यांचे हातवारे तेवढे दिसत होते. रेखा खुर्चीची पाठ धरून उभी.

ते आत आले, बसले, रकाना भरला आणि सही करून फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावून वाचलं.

'आमच्या कंपनीचं ऑफिस. टेबल एक, माणूस एक.'

मी शिक्का मारला. "पंधरा दिवस," म्हणालो.